१२३४५६७८९८७६५४३२१ : एका मोठ्या संख्येचा परिचय

स्मरणिकेत गणिताचा लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संस्थेचा अहवाल, देणगीदारांची नामावली, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद आणि मुलांच्या कविता यांच्या पंगतीत आकडे यायचे ते जमाखर्चाचेच, असा आपला समज असतो. परंतु विद्यार्थ्यांना हात देणे हे ज्या संस्थेने आपले कर्तव्य मानले, तिच्या महोत्सवाच्या निमित्ताने घरातील थोरामोठ्यांनी मुलांसह बसून पाटी-पेन्सिलीने पडताळून पाहावे असे काही द्यावे, असे आम्हांस वाटले. म्हणून आम्ही एकच संख्या निवडली आहे. तिचा चमत्कार दाखवून वाचकांना थक्क करणे हा आमचा हेतू नाही. त्या चमत्काराचे कारण उलगडून दाखवणे, हा आहे. लेखास इयत्ता सातवीपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

संख्येची ओळख

संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढत जाणारी आणि नवापासून एकापर्यंत उतरणारी. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. अंक मोजले तर सतरा भरतात.

एवढी मोठी संख्या वाचावी कशी? आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडला नसता. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध ही अठरा नावे त्यांना पाठ असत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) हीच मालिका थोड्या नामभेदाने येते, प्रत्येक स्थान मागील स्थानाच्या दसपट. त्या हिशेबाने आपल्या संख्येचा अगदी डावीकडचा एक 'मध्य' स्थानी बसतो, आणि बरोबर मधला नऊ दशकोटीच्या स्थानी. परार्ध हे शेवटचे घर तेवढे रिकामे राहते.

पांढुर्णा आणि सौसर भागातील पुष्कळ मुले शाळेत हिंदीतून पहाडे म्हणतात आणि घरी आजी-आजोबांकडून मराठीतून पाढे ऐकतात. शब्द निराळे असले तरी देवनागरी अंक दोन्हीकडे एकच आहेत. तेव्हा या संख्येच्या अभ्यासास भाषेची आडकाठी नाही.

ती येते कोठून?

नऊ एके ओळीने लिहावेत : १११११११११. या संख्येला तिनेच गुणले, म्हणजे तिचा वर्ग केला, की आपली संख्या मिळते. प्रथम लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना पाटीवर असे मांडतो :

००१११
०१११०
१११००
———
१२३२१

उभ्या रांगांकडे पाहा. उजवीकडून पहिल्या रांगेत एक एका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत पुन्हा दोन, पाचवीत एक. गुणाकारात मोजणीपलीकडे काही घडलेलेच नाही.

हीच गोष्ट आपल्या भागातील संत्र्याच्या बागेत अधिक स्पष्ट दिसेल. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ झाडे, अशी चौरस लावणी केलेली बाग मनात आणा. झाडे एकूण ८१. आता ती ओळीने न मोजता तिरपी मोजा. एका कोपऱ्यात एकच झाड. त्यालगतच्या तिरप्या रांगेत दोन, पुढच्या रांगेत तीन, असे वाढत वाढत मधल्या सर्वांत लांब रांगेत नऊ. तेथून पुन्हा आठ, सात, सहा करीत समोरच्या कोपऱ्यात एक. हाच क्रम आपल्या संख्येचा आहे. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना पाटीवर जे एके मांडले जातात, ते या झाडांप्रमाणे ८१ असतात, आणि प्रत्येक पुढची ओळ एक घर डावीकडे सरकवल्यामुळे आपण त्यांची तिरपी मोजणी करतो, इतकेच.

यातून एक गोष्ट फुकट मिळते. संख्येच्या सर्व अंकांची बेरीज म्हणजे बागेतील सर्व झाडे. म्हणून ती ८१ असलीच पाहिजे. करून पाहा : एक ते नऊ यांची बेरीज ४५, आठ ते एक यांची ३६; एकूण ८१.

कापरेकर मास्तरांच्या डेम्लो संख्या

अशा संख्यांचा छंद ज्यांनी आयुष्यभर जोपासला, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे महाराष्ट्रातील एक शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले. पुढे १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकविले. १९८६ साली ते निवर्तले. ६१७४ या अंकाचा त्यांनी शोधलेला गुणधर्म आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा परदेशातील वाचकांचे लक्ष या निवृत्त शिक्षकाकडे वळले.

आपली संख्या ज्या कुळातील आहे, त्या कुळाला कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. मुंबईहून कल्याणकडे जाताना लागणाऱ्या, आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाचे हे नाव. तेथे त्यांना ही कल्पना सुचली होती. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. आगगाडीच्या फलाटावर सुचलेला विचार कागदावर उतरवून तडीस नेण्यास प्रयोगशाळा लागली नाही, की भांडवल लागले नाही. आपल्या पांढुर्ण्यालाही रेल्वे स्थानक आहे, हे आमच्या बालवाचकांनी ध्यानात ठेवावे.

डेम्लो संख्येचे लक्षण असे. तिचे तीन भाग करावेत : डावा, मधला आणि उजवा. डावा व उजवा सारख्या अंकांचे असावेत, मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा यावा, आणि डाव्या-उजव्याची बेरीज केली असता त्याच मधल्या अंकाची पुनरावृत्ती मिळावी. १२३२१ घ्या : १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. १२३४३२१ घ्या : १२३ आणि ३२१ मिळून ४४४, मध्ये ४. आता आपली संख्या :

डावा भाग १२३४५६७८
उजवा भाग ८७६५४३२१
बेरीज ९९९९९९९९

आणि मध्ये नऊ. कारण सोपे आहे. डावीकडे अंक एकेकाने चढतो तेव्हा उजवीकडे एकेकाने उतरतो, म्हणून प्रत्येक घरात बेरीज नऊच राहते.

नऊवरच ही शोभा का थांबते?

दहा एकांचा वर्ग केला तर काय होईल? बागेत दहा ओळी झाल्या; मधल्या तिरप्या रांगेत दहा झाडे आली. परंतु एका घरात दहा मावत नाहीत. तेथे शून्य मांडून हातचा एक पुढच्या घरात द्यावा लागतो. पुढच्या घरात नऊ होते, त्यांचे दहा झाले. तेथेही शून्य आणि पुन्हा हातचा एक. त्यापुढील आठाचे नऊ होतात आणि हातचा संपतो. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवी बाजू जशीच्या तशी राहिली. डाव्या बाजूचा आठ मात्र नाहीसा झाला. या संख्येच्या अंकांची बेरीज १०० यावयास हवी होती. ती ८२ येते. अठरा कोठे गेले? हातचा एक देताना आपण एका घरातील दहा काढून शेजारच्या घरात एक ठेवतो, म्हणजे प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज नवाने घटते. येथे हातचा दोनदा दिला. म्हणून अठरा घटले. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

संख्येचे अवयव

मोठी संख्या समजून घेण्याचा खरा मार्ग म्हणजे तिचे अवयव पाडणे. १११११११११ मध्ये १११ तीनदा येतात, म्हणून ती संख्या १११ × १००१००१ अशी लिहिता येते. पैकी १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्याने तिलाही ३ ने भाग जातो, भागाकार ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

३३३६६७ ही मूळ संख्या आहे. याची खात्री करून घ्यावयाची तर २ पासून ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागते; त्यापुढे जाण्याची गरज नाही, कारण ५७७ नंतरची मूळ संख्या ५८७ हिचा वर्गच ३३३६६७ हून मोठा होतो. सुटीच्या दिवसांत भावंडांनी काम वाटून घेतले तर हे अवघड नाही.

आपली संख्या या गुणाकाराचा वर्ग असल्याने तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती? ३ एकदाही न घ्यावा किंवा चारपर्यंत कितीही वेळा घ्यावा, असे पाच पर्याय; ३७ चे तीन; ३३३६६७ चे तीन. म्हणून ५ × ३ × ३ = ४५. या विभाजकांच्या जोड्या लावल्या तर २२ जोड्या होतात आणि १११११११११ ही एकटी उरते, कारण तिची जोडीदार तीच आहे. विभाजकांची संख्या विषम आली की ती संख्या वर्ग आहे असे ओळखावे.

१११११११११ ला ९ ने भागले असता १२३४५६७९ येतात. यात आठ नाही, याचे अनेकांना नवल वाटते. भागाकार करून पाहा. ११ त नऊ एकदा, बाकी २; २१ त दोनदा, बाकी ३; ३१ त तीनदा, बाकी ४; असे होत होत ७१ त सातदा, बाकी ८. शेवटी ८१ येतात, त्यांत नऊ पुरते नऊ वेळा जातात आणि बाकी उरत नाही. आठाच्या पाळीला नऊ आला. यात गूढ काही नाही.

हर्षद संख्या

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे गोड नाव दिले. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१. आणि तिच्यात ३ हा अवयव चार वेळा आहे. ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१. म्हणून भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग आहे.

एक एका, दोन एके, तीन एके, अशा नऊपर्यंतच्या सर्व वर्गांना ही कसोटी लावली, तर फक्त तीन उतरतात : १, १२३२१ आणि आपली संख्या. दोन, चार, सहा, आठ एकांच्या वर्गांची अंकबेरीज सम असते आणि संख्या मात्र विषम. विषमाला समाने भाग कसा जावा? पाच एकांच्या वर्गाला २५ ने भाग जावयाचा तर शेवटी पाच किंवा शून्य हवे. तेथे एक आहे. सात एकांना ७ ने भाग जात नाही, मग त्यांच्या वर्गाला ४९ ने कोठून जाणार? राहता राहिले एक, तीन आणि नऊ.

आपला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला ते वर्ष २०२३. अंकबेरीज ७, आणि २०२३ म्हणजे ७ × १७ × १७. म्हणजे हेही हर्षद वर्ष होते! परंतु हर्षद असणे हा शुभशकुन नव्हे, हे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आकडा लावण्याच्या नादात, अमुक अंक 'लागू' आहे या समजुतीने संसार धुळीस मिळविणारी माणसे समाजात आहेत. अंकाला शुभ-अशुभ नसते; त्याला कारण असते. ज्या मुलाने कारण शोधण्याची गोडी चाखली, त्याला आकड्याची भुरळ सहसा पडणार नाही.

अकराशे वर्षांपूर्वीचा हार

या कुळातील संख्या आपल्याकडे जुन्या आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या आश्रयास असलेले जैन गणिती महावीराचार्य यांनी इ. स. ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्या घराण्याची सत्ता आपल्या बाजूसही होती. वर्ध्याजवळच्या देवळी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ. स. ९४० चा ताम्रपट सापडला आहे. महावीराचार्यांनी विद्यार्थ्यांना दिलेल्या गुणाकारांत अशी उदाहरणे आहेत :

१५२२०७ × ७३ = ११११११११
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या अशा गुणाकारांना त्यांनी गळ्यातील हाराची उपमा दिली. दुसरे उदाहरण म्हणजे सहा एकांचा वर्ग, आपल्या संख्येचे धाकटे भावंड. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, ४४१ हा २१ चा; आणि ५२९१ × २१ = १११११११. नव्हे, अंक मोजून पाहा. एके सहाच हवेत : ११११११. उत्तर लिहून झाले तरी एकदा मोजावे, हा धडाही येथे घ्यावा.

ताळा पाहण्याची विद्या

आता या साऱ्याचा व्यवहारातील उपयोग. हातच्याने अंकबेरीज नवानेच घटते, हे वर पाहिले. म्हणून गुणाकार बरोबर असेल तर नऊ टाकून उरणारी बाकी जुळलीच पाहिजे. जुने कारकून यालाच ताळा म्हणत. ४५७ × २३ = १०५११ हा गुणाकार घ्या. ४५७ ची अंकबेरीज १६, म्हणजे ७. २३ ची ५. सात पंचे पस्तीस, म्हणजे ८. उत्तराची अंकबेरीजही ८. ताळा जुळला.

परंतु कोणी चुकून १०१५१ लिहिले तरी अंकबेरीज ८ च राहते. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला सापडत नाही. तेथे अकराचा ताळा घ्यावा : उजवीकडून एक अंक मिळवीत, एक वजा करीत जावे. ४५७ चे ७ − ५ + ४ = ६; २३ चे ३ − २ = १; गुणाकार ६. १०५११ चे १ − १ + ५ − ० + १ = ६; जुळले. १०१५१ चे १ − ५ + १ − ० + १ = −२, म्हणजे अकरा मिळवून ९; चूक पकडली गेली. आधार क्रमांकाचा बारावा अंक अशाच पडताळणीसाठी असतो. त्याची रीत अधिक कडक असून शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही तिच्या नजरेतून सुटत नाही.

यंत्राची मर्यादा

कोणी म्हणेल, आता संगणक आहे, पाटी कशाला? संगणकावरील एक्सेलसारख्या हिशेबाच्या तक्त्यात १११११११११ चा वर्ग करून पाहा. उत्तर दिसेल : १२३४५६७८९८७६५४३००. तो तक्ता संख्येचे पंधराच अंक खरे ठेवतो; पुढील घरांत शून्ये भरतो. विषम संख्येला विषमाने गुणले तर उत्तर विषमच येते, हे जाणणारे सातवीतील मूल त्या दोन शून्यांकडे बोट दाखवून सांगेल की हे उत्तर चूक आहे.

ही केवळ करमणुकीची बाब नव्हे. शिष्यवृत्तीच्या यादीत पंधराहून अधिक अंकांचा बँक खाते क्रमांक संख्या म्हणून भरला, तर त्याचेही शेवटचे अंक अशीच शून्ये होतात, आणि यंत्र कुरकुर करीत नाही. असा रकाना आधीच अक्षरांचा, म्हणजे 'टेक्स्ट'चा ठरवून मगच क्रमांक भरावेत, आणि भरल्यावर मूळ पासबुकाशी शेवटचे चार अंक ताडून पाहावेत, अशी यादी करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना आमची आग्रहाची सूचना आहे. गरजू विद्यार्थ्याची रक्कम अडकू नये, यासाठी एवढी दक्षता फार नाही.

स्वाध्याय

आमच्या बालवाचकांसाठी काही प्रश्न देऊन हा परिचय पुरा करतो. उत्तरे खाली आहेत; ती आधी पाहू नयेत.

(१) सात एकांचा वर्ग गुणाकार न करता लिहा व अंकबेरीज सांगा.
(२) १२३४५६७९ ला कितीने गुणले असता नऊ साते मिळतील?
(३) अकरा एकांचा वर्ग काढा. हातचा किती वेळा दिला? अंकबेरीज किती?
(४) आपल्या जन्माचे वर्ष हर्षद आहे काय, ते पाहा. घरातील सर्वांची वर्षे तपासा आणि जे हर्षद नसेल, त्याला भाग का जात नाही, त्याचे कारण लिहा.

उत्तरे : (१) १२३४५६७६५४३२१, ४९. (२) ६३ ने. (३) १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, चार वेळा, १२१ मधून ३६ वजा जाऊन ८५. (४) हे उत्तर ज्याचे त्याने काढावयाचे आहे.